नाव घडवणाऱ्या हातांची शिष्यवृत्ती

(शिंदखेडा येथील कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिंदखेड्यात नावा बांधण्याच्या विद्येविषयी बोलावयाचे, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटण्याजोगे आहे. गावाजवळून वाहणारी बुराई पावसाळा सरला की वाळूचा पट्टा होऊन पडते. तालुक्याची ओळख अवर्षणाची. येथला माणूस प्रवासाला निघतो तो सुरत-भुसावळ लोहमार्गावरून. होडीशी त्याचा संबंध काय, असा प्रश्न कोणीही विचारील. नावा बांधायला शिकणाऱ्या मुलांसाठी शिष्यवृत्ती-निधी उभारावयाचा तर तो मालवणात किंवा वेंगुर्ल्यात उभारावा, खानदेशात कशाला, हा त्याचा पुढचा प्रश्न.

या प्रश्नाला पहिले उत्तर भूगोल देतो. शिंदखेडा तालुक्याची उत्तर सीमा तापी आहे. मुडावद येथे पांझरा तापीला मिळते. पूल होण्यापूर्वी पावसाळ्यात तापी ओलांडावयाची ती नावेनेच, आणि ती नाव चालवणारे भोई व कोळी याच खानदेशातले होते. नंतर पूल झाले, नावा गेल्या आणि त्या दुरुस्त करणारे हातही गेले. परंतु पाणी गेले नाही, उलट वाढले. सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा येथील बॅरेजेसनी तापीचे पाणी अडवले आहे. ठिकठिकाणच्या धरणांचे जलाशय झाले आहेत. त्या पाण्यावर मासेमारी करून पोट भरणारी कुटुंबे आहेत. महाराष्ट्रातील अनेक जलाशयांवर मच्छीमार थर्माकोलच्या तुकड्यावर किंवा रबरी ट्यूबवर बसून जाळे टाकताना दिसतो. ज्या राज्याने धरणे बांधण्यात देशात आघाडी घेतली, त्या राज्यातील मच्छीमाराला धड होडी मिळू नये, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

तापीच्या उत्तरेस सातपुडा ओलांडला की प्रश्न अधिक तीव्र होतो. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा झाला. त्यापूर्वी अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके धुळे जिल्ह्यातच होते. सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातील जी ३३ गावे बाधित झाली ती याच दोन तालुक्यांतली. बुडितात शेते गेली, घरे गेली आणि पायवाटाही गेल्या. डोंगराच्या माथ्यावर जे आदिवासी राहिले, त्यांना बाजार, शाळा, रेशन आणि दवाखाना गाठावयाचा तर अनेक ठिकाणी पाण्यावाचून मार्ग नाही. शासनाला तेथे तरंगते दवाखाने चालवावे लागले. १५ जानेवारी २०१९ रोजी, मकरसंक्रांतीच्या दिवशी, धडगाव तालुक्यातील भुषा येथे प्रमाणाबाहेर माणसे बसलेली बोट नर्मदेत उलटली आणि त्यात लहान मुलांसह अनेक जण मृत्युमुखी पडले. अशा दुर्घटनेनंतर चौकशी होते, मदत जाहीर होते. परंतु या पाण्यासाठी योग्य नाव कोणती, ती बांधणार कोण, तिची डागडुजी दरवर्षी करणार कोण आणि ही विद्या या काठावरच्या मुलांना शिकवणार कोण, हे प्रश्न तसेच राहतात. विकासाने माणसांना पाण्याकाठी आणून सोडले. पाण्यावर जगण्याचे साधन घडवण्याची विद्या मात्र त्यांच्या हाती दिली नाही.

म्हणून नाव बांधायला शिकणाऱ्या मुलाची शिष्यवृत्ती हा हौसेचा विषय नाही, पुनर्वसनाचा आणि रोजगाराचा आहे.

आता ही विद्या कशी शिकली जाते ते पाहणे आवश्यक आहे, कारण शिष्यवृत्तीचे स्वरूप त्यावरून ठरते. कोकणात आणि गोमंतकात खाडीच्या काठी होडी, पडाव किंवा माचवा बांधणारा जुना कारागीर कागदावरच्या आराखड्यावर विसंबून काम करीत नाही. प्रथम पाठाण, म्हणजे नावेच्या तळाचा लांब कणा, मांडला जातो. त्याच्या पुढच्या टोकाला नाळ उभी राहते. कण्यावर दोन्ही बाजूंनी वाकड्या लाकडांच्या फासळ्या बसतात आणि फळ्या त्यांना जोडल्या जातात. फासळीसाठी लाकूड कापून वाकडे करीत नाहीत. मुळात वाकडे वाढलेले खोड वा फांदी हुडकून आणतात, कारण तेथे लाकडाचा धागा अखंड राहतो. फळीला साग. सांध्यांच्या फटींत कापूस ठासून वर तेल आणि राळ. तोच कापूस खानदेशच्या काळ्या मातीत पिकतो, पण त्याचा हा उपयोग येथल्या मुलाला ठाऊक नसतो. वाकस, करवत, रंधा आणि पटाशी ही हत्यारे कोणत्याही सुताराची आहेत. भेद आहे तो नजरेचा. नाव पाण्यात किती बसेल, भार एका बाजूला गेला तर ती कशी सावरेल, प्रवाहाला छाती कशी देईल, हे फळी तासतानाच कारागिराला दिसावे लागते. ती नजर एका पावसाळ्यात येत नाही. एकामागून एक नावा गुरूच्या हाताखाली पुऱ्या कराव्या लागतात. त्यात एक-दोन वर्षे जातात, आणि स्वतःच्या जबाबदारीवर नाव पाण्यात सोडण्याचे धैर्य येण्यास त्याहूनही अधिक काळ लागतो.

या वर्षांत शिकणाऱ्याने खावे काय? सगळ्या प्रश्नाचे मूळ येथे आहे. पूर्वी मुलगा बापाच्या हाताखाली शिके आणि घरच्या भाकरीवर जगे. आज शिंदखेडा किंवा शहादा तालुक्यातील भूमिहीन कुटुंबातील अठरा वर्षांच्या मुलापुढे दोन वर्षे बिनपगारी शिकण्याचा पर्यायच नाही. सुरतेच्या कारखान्यात किंवा ऊसतोडीच्या टोळीत त्याला आज पैसे मिळतात. त्याने ते सोडून शिकावे असा उपदेश करणाऱ्याने प्रथम त्याच्या घरची चूल पेटती ठेवण्याची हमी दिली पाहिजे. ‘शिष्यवृत्ती’ या शब्दातला ‘वृत्ती’ याचा अर्थच मुळी उपजीविका असा आहे. गुणपत्रिका पाहून हुशार मुलाला दिलेले बक्षीस म्हणजे शिष्यवृत्ती नव्हे. शिकत असताना शिष्याला जगता यावे म्हणून समाजाने केलेली तरतूद म्हणजे शिष्यवृत्ती.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुल्यांनी हेच बजावले होते की, केवळ स्पर्धेतून वाटलेल्या शिष्यवृत्त्या मागासलेल्या वर्गापर्यंत पोचत नाहीत. ज्या वर्गात विद्येचा प्रसार झालेला नाही त्या वर्गाला त्या मिळाल्या पाहिजेत. सयाजीराव गायकवाडांनी १८९० साली बडोद्यास कलाभवन काढून उद्योगधंद्यांच्या शिक्षणाला विद्यापीठी शिक्षणाच्या तोडीचा मान दिला, आणि १९१३ साली तीन वर्षांसाठी दिलेल्या त्यांच्या शिष्यवृत्तीमुळे भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात जाऊ शकले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही, विकले. घरोघरीच्या मूठभर धान्यातून रयतेचा मुष्टिफंड जमला. राजाची तिजोरी आणि गरीब घरातील मूठ या दोन्ही मार्गांनी या मातीत विद्या वाढली आहे. आजच्या लोकशाहीत राजाच्या तिजोरीची जागा शासनाच्या अर्थसंकल्पाने घेतली आहे. मुठीची जागा मात्र कोणी घ्यावयाची हे अजून ठरलेले नाही.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत आणि त्यांत नावा बांधणाऱ्यांचाही समावेश आहे. कारागिराला प्रमाणपत्र, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य, ५ टक्के व्याजाने कर्ज आणि प्रशिक्षणाच्या काळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, अशी तिची रचना आहे. नाव बांधणारा हाही देशाच्या हिशेबात धरण्याजोगा कारागीर आहे, हे त्यामुळे मान्य झाले. परंतु त्या योजनेचे मूलभूत प्रशिक्षण ५ ते ७ दिवसांचे आणि प्रगत प्रशिक्षण १५ दिवसांचे किंवा थोडे अधिक. शिवाय लाभ घेणारा आधीपासूनच त्या व्यवसायात असला पाहिजे. म्हणजे जो नाव बांधतोच आहे त्याच्या हातात चांगली पटाशी येईल. ज्याला नाव बांधायला शिकावयाचे आहे त्याला या दारातून प्रवेश नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने विद्यावेतनाचे तत्त्व मान्य केले, पण त्याचे बंधन ३० वा अधिक कामगारांच्या आस्थापनांवर आहे. खाडीच्या वाळूत मांडव घालून दोन-तीन माणसे जेथे नाव बांधतात, तो मांडव या कायद्याच्या दृष्टीला पडत नाही.

गोमंतकात नुकत्याच घडलेल्या एका प्रसंगाकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रात पाचव्या शतकातील एक जहाज रंगवलेले आहे. जळगावच्या सीमेला लागून असलेल्या त्या लेण्यातील चित्रावरून भारतीय नौदल, केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालय आणि गोव्यातील एक नौकाबांधणी संस्था यांच्यात जुलै २०२३ मध्ये करार झाला आणि खिळ्यांवाचून, काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून एक जहाज बांधण्यात आले. ‘कौंडिण्य’ या नावाने ते २१ मे २०२५ रोजी कारवार येथे नौदलात दाखल झाले. हे काम अभिमानास्पद आहे. परंतु त्यासाठी केरळातल्या कारागिरांना पाचारण करावे लागले, कारण फळ्या शिवून जहाज बांधण्याची विद्या आता थोड्याच हातांत उरली आहे. एका जहाजासाठी देश एकत्र आला. ते जहाज बांधणाऱ्या हातांना वारस मिळावेत म्हणूनही देशाने एकत्र यावयास नको काय? चित्रातील नाव पुन्हा पाण्यावर आली, पण पुढच्या पिढीत ती कोण बांधील, याची तरतूद एका जहाजाने होत नाही.

विद्या कशी नाहीशी होते याचा धडा तापीच्या मुखाशीच आहे. १७३६ साली सुरतेहून काही सुतारांना घेऊन लवजी नसरवानजी वाडिया मुंबईस आला आणि तेथल्या गोदीत त्याने व त्याच्या वंशजांनी सागवानाची जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ साली पाण्यात सोडलेले ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे. डांगच्या जंगलातील सागावर कंपनी सरकारचा डोळा होता तो याच कारणाने. पुढे लोखंडाची आगबोट आली. लोखंडाची जहाजे बांधण्याचे कारखाने विलायतेत निघाले आणि मुंबईच्या गोदीतील कारागीर मागे पडला. त्याच्या हातात काही उणे नव्हते. नव्या साधनाशी त्याच्या जुन्या विद्येची सांगड घालून देण्यात सत्ताधाऱ्यांना स्वारस्य नव्हते. आज फायबरच्या होडीने लाकडी होडीला हटवले आहे, आणि तीच चूक पुन्हा होत आहे.

येथे दोन आक्षेपांचा विचार करणे भाग आहे. पहिला आक्षेप असा की, फायबरच्या युगात लाकडाच्या नावेचे शिक्षण म्हणजे काळाचे चक्र उलटे फिरवणे. वस्तुतः फायबरच्या होडीचा साचाही पुष्कळदा लाकडी नमुन्यावरूनच घेतला जातो, आणि पाणी कापणारा आकार ज्याला कळतो त्याला दोन्ही साधता येतात. लाकडी नाव फुटली तर ती गावातच दुरुस्त होते, हा दुर्गम नर्मदाकाठी लहानसहान फायदा नव्हे. तेव्हा शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलाने लाकूड शिकावे, फायबर शिकावे, यंत्राची देखभाल शिकावी आणि नावेत किती माणसे बसवावीत याचे गणितही शिकावे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि समाजवादी कार्यकर्त्याने त्याला बगल देता कामा नये. पारंपरिक धंद्यांना शिष्यवृत्ती देणे म्हणजे भोयाच्या मुलाला भोई आणि सुताराच्या मुलाला सुतार ठेवणे नव्हे काय? १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींच्या सरकारने मुलांनी अर्धा दिवस शाळेत आणि अर्धा दिवस बापाच्या धंद्यात घालवावा अशी योजना आणली. द्रविड चळवळीने तिला जातीचा धंदा लादणारी योजना ठरवले आणि १९५४ साली कामराज सरकारला ती मागे घ्यावी लागली. विश्वकर्मा योजनेविरुद्धही तामिळनाडूने याच मुद्द्यावर २०२४ मध्ये नकार कळवला आणि धंदा निवडण्यास जातीची अट नसलेली आपली स्वतंत्र योजना काढली. हा इशारा योग्यच आहे. म्हणून निधीच्या नियमांत पहिला नियम असा असावा की, अर्जावर जातीचा किंवा बापाच्या धंद्याचा रकानाच नसेल. मराठा शेतकऱ्याच्या मुलाला, भिल्ल-पावरा मुलाला, दलित वस्तीतल्या मुलीला नाव बांधावीशी वाटली तर दार सारखेच उघडे असावे. शालेय शिक्षण अर्धवट सोडून कोणी येऊ नये, आणि शिकून झाल्यावर कोणाला दुसरा मार्ग धरावासा वाटला तर त्याच्याकडून पैसे परत मागू नयेत. परंपरा ही ज्ञानाची असावी; ती जन्माची झाली की बेडी होते.

आता निधीचा हिशेब. केंद्राच्या योजनेने मान्य केलेला दिवसाला ५०० रुपयांचा दरच धरला आणि महिन्याला २५ दिवस काम मोजले, तर एका विद्यार्थ्याला महिन्याला १२,५०० रुपये लागतात. दोन वर्षांचे ३ लाख. तीन विद्यार्थी घेतले तर ९ लाख, आणि शिकवणाऱ्या कारागिरालाही त्याच दराने मानधन दिले तर एकूण १२ लाख. गुरूला वेगळे मानधन हवेच, कारण शिकाऊ मुलाच्या चुकांनी वाया जाणारा त्याचा वेळ ही त्याची मजुरी आहे. महिन्याला हे ५०,००० रुपये होतात. ५,००० कुटुंबांनी महिन्याला १० रुपये दिले की ते जमतात. एका मोठ्या देणगीदाराकडूनही ते एका दिवसात मिळू शकतील, परंतु मग शिष्यवृत्तीला त्याचे नाव लागेल, उद्घाटनाला त्याचा हार लागेल आणि कोणाला निवडावे यात त्याचा शब्द लागेल. १० रुपये देणाऱ्या ५,००० कुटुंबांचे कोणावर उपकार राहत नाहीत.

निधी लोकवर्गणीतून सुरू करावा, पण तो तेथेच थांबू नये. नाहीतर शासनाचे कर्तव्य गरिबांनी आपल्या खिशातून पार पाडण्यासारखे होईल. तीन मुले दोन वर्षांत नाव बांधून पाण्यात सोडतात हे एकदा दाखवून दिले, की त्याच पुराव्यावर आदिवासी विकास विभागाकडे, मत्स्यव्यवसाय विभागाकडे आणि जिल्हा नियोजन समितीकडे या शिष्यवृत्तीची कायम तरतूद मागता येईल. जलाशयातील मासेमारीच्या ठेक्यातून शासनाला जे उत्पन्न होते, त्याचा एक वाटा त्याच पाण्यावर राबणाऱ्यांच्या मुलांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, ही मागणी कोणत्याही ग्रामसभेत मांडता येण्याजोगी आहे. राममनोहर लोहियांनी कार्यकर्त्याला फावडे, तुरुंग आणि मतपेटी ही तीन साधने सांगितली. त्यांत फावडे, म्हणजे स्वतःच्या हातांनी केलेले रचनात्मक काम, हे संघर्षाला पर्याय म्हणून सांगितलेले नव्हते. मागणीच्या पाठीशी कृती उभी असली म्हणजे मागणीला वजन येते, एवढाच त्याचा आशय होता.

निधीचा हिशेब दर तीन महिन्यांनी गावाच्या चावडीवर मोठ्याने वाचला जावा. पावती १० रुपयांचीही असावी. विद्यार्थी ज्या हत्यारांनी शिकेल ती शिक्षण संपल्यावर त्याची व्हावीत. पहिली नाव बांधून होईल ती विकू नये. ज्या पाड्यावरच्या मुलांना शाळेसाठी पाणी ओलांडावे लागते त्या पाड्याला ती द्यावी.

निधी हा शब्द या तालुक्याला परका नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी शिंदखेडा तालुक्यातील चिमठाणे गावाजवळ साताऱ्याच्या प्रतिसरकारातील आणि खानदेशातील क्रांतिकारकांनी ब्रिटिश सरकारचा खजिना अडवला आणि साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम स्वातंत्र्यलढ्याच्या कामी लावली. तो खजिना जनतेच्याच घामाचा होता, पण परक्याच्या ताब्यात होता, म्हणून तो हिसकावून घ्यावा लागला. आजचा खजिना जनतेचा आहे आणि जनतेच्याच प्रतिनिधींच्या ताब्यात आहे. तो अर्ज, मोर्चा आणि मत यांच्या बळावर मागावयाचा आहे. त्यासाठी हातात काहीतरी घेऊन गेले पाहिजे. तापीच्या काठावर खानदेशातल्या मुलांनी बांधलेली एक नाव तरंगत असली, तर तिच्याहून चांगला अर्ज दुसरा नसेल. वर्गणीचे पावतीपुस्तक या आठवड्यात छापावयास द्यावे आणि पहिली फेरी चिमठाण्यापासून काढावी.